साखळीची टोकं मोजा: पॉलिमर रसायनशास्त्राची सुरुवात इथून करावी

पॉलिमरचा धडा बहुतेक पुस्तकांत वर्गीकरणाने सुरू होतो. नैसर्गिक आणि कृत्रिम, रेषीय आणि शाखीय, थर्मोप्लास्टिक आणि थर्मोसेट. दहा-बारा पानं त्यात जातात आणि विद्यार्थ्याला वाटतं, हा पाठांतराचा विषय आहे. हा विषय मोजणीचा आहे, आणि मोजायची मुख्य गोष्ट एकच: साखळ्यांची टोकं.

शाखा नसलेल्या साखळीला टोकं दोनच. त्यामुळे नमुन्यातली टोकं मोजली आणि दोनाने भागलं की साखळ्यांची संख्या मिळते. नमुन्याच्या वजनाला त्या संख्येने (मोलमध्ये) भागलं की संख्या-सरासरी रेणुभार मिळतो. म्हणजे टोकं वाढली की रेणुभार घटलाच. प्लास्टिकचा चिवटपणा, धाग्याची ताकद, वितळलेल्या मालाचा दाटपणा हे सगळं रेणुभारावर अवलंबून असतं. म्हणून कोणतीही पॉलिमर अभिक्रिया समोर आली की आधी विचारावं: इथे नवी टोकं कोण तयार करतंय आणि असलेली कोण मिटवतंय?

टोकं थोडी असतात, हीच त्यांची अडचण. पॉलिस्टायरीनचा रेणुभार १,०४,००० असेल तर एका साखळीत साधारण १,००० एकके आणि टोकं दोन. हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये हे पदार्थ म्हणजे सहसंयुज बंधांनी जोडलेल्या लांबच लांब साखळ्या आहेत असं मांडलं, तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञ ते छोट्या रेणूंचे पुंजके आहेत असंच मानत होते. टोकांचे गट त्या काळच्या रासायनिक चाचण्यांत सहजी सापडत नसत, त्यामुळे शंकेला वाव राहिला. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये.

९९ टक्के म्हणजे जेमतेम

सेंद्रिय रसायनाच्या प्रॅक्टिकलला ९० टक्के उतारा आला की आपण खूश होतो. संघनन पॉलिमरीकरणात (दोन गट जुळताना पाण्यासारखा छोटा रेणू बाहेर पडतो त्या प्रकारात) ९० टक्के रूपांतर म्हणजे काहीच नाही. ड्युपॉन्ट कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ वॉलेस करोदर्स यांचं सूत्र साधं आहे. दोन्ही प्रकारचे क्रियात्मक गट (रेणूचे एकमेकांशी जुळणारे भाग) अगदी सारख्या संख्येत असतील आणि त्यांतला 'पी' इतका अंश जोडला गेला असेल, तर

साखळीची सरासरी लांबी = १ ÷ (१ − पी)

'१ − पी' म्हणजे न मिटलेली टोकं. निम्मे गट जुळले (पी = ०.५) तर सरासरी लांबी २. ९० टक्के जुळले तर १०. ९५ टक्क्यांना २०, ९८ ला ५०, ९९ ला १००, ९९.५ ला २००. ९९ वरून ९९.५ वर जाताना अभिक्रिया अर्धा टक्काच पुढे सरकते, पण साखळी दुप्पट होते. कारण उरलेली निम्मी टोकं मिटली.

इथे एक चूक दर वर्षी पेपरात दिसते. नायलॉन ६,६ च्या पुनरावर्ती एककाचं वजन २२६, पण त्यात दोन मोनोमर (साखळीत जोडले जाणारे मूळ छोटे रेणू) आहेत: एक डायअमाइनचा, एक डायअॅसिडचा. करोदर्सच्या सूत्रातली लांबी मोनोमरच्या संख्येत मोजलेली असते. म्हणून लांबी १०० असेल तर रेणुभार १०० × ११३ = ११,३००. २२,६०० लिहिलं की उत्तर दुप्पट चुकलं.

आता समतोल. एस्टरीकरणाचा समतोल स्थिरांक १ च्या आसपास ते ४ पर्यंत असतो. पाणी बाहेर न काढता भांडं बंद ठेवलं तर लांबी (१ + समतोल स्थिरांकाचं वर्गमूळ) इतकीच होते. स्थिरांक १ असेल तर २, ४ असेल तर ३. अमाइडचा स्थिरांक काहीशेच्या घरात असतो, तो ४०० धरला तर २१. स्थिरांक १ धरून पॉलिएस्टरची लांबी १०० करायची तर गणित असं सांगतं की सुरुवातीच्या दर दहा हजार गटांमागे पाण्याचा जेमतेम एक रेणू शिल्लक राहिला पाहिजे. म्हणून शेवटच्या टप्प्यात तीव्र निर्वात लागतो. १९३० च्या एप्रिलमध्ये करोदर्स यांच्या गटातल्या ज्युलियन हिल यांनी रेणवीय ऊर्ध्वपातक वापरून अभिक्रियेतलं पाणी ओढून काढलं, रेणुभार १०,००० च्या वर नेला, आणि त्या वितळलेल्या पॉलिएस्टरमधून ओढता येणारा, थंडपणी ताणला की मजबूत होणारा धागा निघाला. नवा मोनोमर शोधून हे झालं नव्हतं, पाणी काढून झालं होतं. मला या विषयाच्या इतिहासातली ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

वजनकाट्यावरच ठरतं

दोन मोनोमरचं प्रमाण थोडं जरी बिघडलं तरी सगळी टोकं शेवटी एकाच जातीची होतात. सगळीकडे अमाइनची टोकं उरली की अमाइन अमाइनशी जुळत नाही आणि साखळी वाढायची थांबते. कमी असलेल्या गटांचं जास्त असलेल्यांशी गुणोत्तर 'आर' धरलं तर

लांबी = (१ + आर) ÷ (१ + आर − २ × आर × पी)

आर = ०.९९, म्हणजे १ टक्का फरक, आणि अभिक्रिया पूर्ण झाली तरी लांबी १९९ च्या पुढे जात नाही. अभिक्रिया ९९ टक्क्यांवर थांबली तर ६७. आर = ०.९८ असेल आणि पी ०.९९, तर ५०. बाटलीवर '९८ टक्के शुद्ध' लिहिलेलं रसायन तसंच वापरलं तर काय होईल ते यातून दिसतं.

हेक्झामिथिलीन डायअमाइन (नायलॉन ६,६ मधलं डायअमाइन) हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. काट्यावर ११.६ ग्रॅम दिसले तरी त्यात अमाइन तेवढं नसतं. पांढरी बुरशीसारखी साय धरलेली ढेकळं दिसली तर ते कार्बामेट. अशी बाटली संघननासाठी वापरू नये. त्याचा द्रवणांक ४० °से. च्या आसपास असल्याने थंडीत ते बाटलीत घट्ट बसतं. चमच्याने खरवडण्यापेक्षा बंद बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवावी, कोरड्या पिपेटने घ्यावं आणि लगेच झाकण लावावं.

नायलॉन ६,६ मध्ये प्रमाणाचा प्रश्न फार सुबकपणे सोडवला आहे: काट्यावर न विसंबता स्फटिकावर विसंबायचं. अॅडिपिक आम्ल १४.६ ग्रॅम (०.१ मोल) सुमारे १४० मिली निर्जल इथेनॉलमध्ये विरघळवायचं, लागल्यास थोडं गरम करून. थंड झाल्यावर त्यात डायअमाइन ११.८ ग्रॅम (किंचित जास्त) थोड्या इथेनॉलमध्ये घालून ढवळत ओतायचं. मिश्रण तापतं आणि पांढरं मीठ खाली बसतं. या मिठात एका आम्लरेणूला एकच अमाइन बसतो, म्हणून प्रमाण आपोआप १:१ होतं. गाळून थंड इथेनॉलने धुवावं आणि कोरडं करावं. तपासायला १ टक्का द्रावण पाण्यात करून सामू पाहावा: तो ७.६ च्या आसपास यायला हवा. बराच वर असेल तर अमाइन जास्त, खाली असेल तर आम्ल जास्त. इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक करावेत.

कारखान्यात तर मुद्दाम थोडं अॅसेटिक आम्ल घालतात. त्याला एकच गट, म्हणजे ते टोकाला बसलं की ते टोक कायमचं बंद. डायअॅसिडच्या १ मोल टक्का घातलं तर लांबीवर २०० च्या आसपास मर्यादा येते. पुढे हाच माल मोल्डिंगला वितळवला तरी रेणुभार चढत नाही आणि दाटपणा स्थिर राहतो. प्रमाण बिघडणं हा दोष असतो तसंच ते हाती धरायचं हत्यारही असतं.

दोन द्रवांच्या सीमेवरून नायलॉनची दोरी ओढण्याचा, वर्गात सगळ्यांना आवडणारा प्रयोग प्रमाणाच्या या नियमाला अपवाद का ठरतो, हे व्हायवात विचारलं जातं. सेबकॉइल क्लोराइड १ मिली, ५० मिली हेक्झेनमध्ये. डायअमाइन १.१ ग्रॅम आणि सोडियम हायड्रॉक्साइड ०.४ ग्रॅम, ५० मिली पाण्यात. पाण्याचा थर बीकरमध्ये खाली, त्यावर काचकांडीच्या आधाराने हेक्झेनचं द्रावण हळूच सोडायचं. सीमेवर पातळ पडदा धरतो, तो चिमट्याने मधोमध पकडून वर ओढायचा आणि कांडीवर गुंडाळत राहायचं. ही अभिक्रिया सीमेवरच, झटपट आणि एकमार्गी होते. एकूण किती मोनोमर ओतला याला महत्त्व उरत नाही, कारण सीमेवर दोन्ही बाजूंनी लागेल तसा मोनोमर येत राहतो. दोरी सतत तुटत असेल तर बहुधा क्लोराइडची बाटली जुनी आहे. हवेतल्या ओलाव्याने क्लोराइडचं आम्ल झालं की ते टोक खोलीच्या तापमानाला मेलेलंच. अल्कली घालायला विसरलात तर निघणारं हायड्रोक्लोरिक आम्ल अमाइनलाच निष्क्रिय करतं. दोरी हाताने ओढू नये, आत मोनोमर आणि द्रावण अडकलेलं असतं. हातमोजे घालावेत आणि नंतर ती भरपूर पाण्याने धुवावी.

पावसाळा आणि पेटचे दाणे

पाणी टोकं तयार करतं हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते बाटल्यांच्या पेटमध्ये (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, एक पॉलिएस्टर). वसई-भिवंडीपासून चाकणपर्यंत जिथे पेटचं मोल्डिंग चालतं, तिथे जून ते सप्टेंबर ड्रायरवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. कारण हिशोबाने बघा.

१ किलो पेट, रेणुभार २४,०००. त्यात साखळ्या ०.०४१७ मोल. ओलावा ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०) असेल तर पाणी ०.०५ ग्रॅम, म्हणजे ०.००२८ मोल. २७०-२८० °से. ला वितळलेल्या अवस्थेत पाण्याचा प्रत्येक रेणू एक एस्टर बंध तोडतो आणि एकाच्या दोन साखळ्या होतात. सगळं पाणी खर्ची पडलं असं धरलं तर साखळ्या ०.०४४५ मोल, रेणुभार सुमारे २२,५००. चालण्यासारखं आहे. ओलावा २०० पीपीएम असेल तर १९,००० च्या खाली. आणि दमट हवेत उघडे राहिलेले दाणे ०.२ टक्के पाणी धरून असतील तर रेणुभार ६,५०० च्या घरात. दाण्यांना हात लावला तर ते कोरडेच वाटतात, पण त्यांची बाटली बोटाने दाबताच तडकते.

म्हणून दाणे १६०-१७० °से. ला चार ते सहा तास, दवबिंदू उणे ४० °से. असलेल्या कोरड्या हवेत वाळवतात. साधी गरम हवा पुरत नाही, कारण पावसाळ्यातली हवा गरम केली तरी तिच्यातलं पाणी तिच्यातच असतं. पुनर्वापराच्या बाटल्यांचा चुरा असेल तर आधी त्याचं स्फटिकीकरण करून घ्यावं लागतं. अस्फटिक पेट ८० °से. च्या आसपास मऊ पडतं आणि ड्रायरमध्ये त्याचा एक गोळा होतो.

फ्री रॅडिकल: इथे साखळ्या इनिशिएटर मोजतो

स्टायरीन, मिथाइल मेथाक्रिलेट यांची गोष्ट वेगळी. इथे इनिशिएटर नावाचं रसायन तुटून रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला अतिक्रियाशील तुकडा, मिळतं. प्रत्येक साखळी अशा एका रॅडिकलने सुरू होते, सेकंदाच्या काही अंशात ते काही सेकंदांत शेकडो-हजारो मोनोमर जोडते आणि मरते. संघननात मोनोमर लवकर संपतो पण लांब साखळी शेवटी मिळते. इथे पहिल्याच मिनिटाला लांब साखळी मिळते आणि मोनोमर शेवटपर्यंत शिल्लक असतो. पाच टक्के रूपांतरानंतर भांड्यात काय असेल, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. दोन्ही उत्तरं वेगळी आली पाहिजेत.

वेग इनिशिएटरच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, लांबी त्याच वर्गमुळाने घटते. इनिशिएटर चौपट केला तर वेग दुप्पट, साखळी निम्मी. तापमान वाढवलं तरी तसंच: काम लवकर उरकतं, साखळी तोकडी राहते.

स्टायरीनचं साधं प्रॅक्टिकल असं करावं. बाटलीतल्या स्टायरीनमध्ये १०-१५ पीपीएम टर्शरी-ब्यूटाइल कॅटेकॉल (आपोआप पॉलिमर होऊ नये म्हणून घातलेलं निरोधक) असतं. ते काढावं लागतं. २५ मिली स्टायरीन सेपरेटिंग फनेलमध्ये १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या १०-१० मिलीने दोन-तीनदा हलवावं. खालचा थर रंगीत झाला तर कॅटेकॉल उतरतंय. शेवटचा थर रंगहीन आला की पाण्याने लिटमस उदासीन होईपर्यंत धुवावं आणि निर्जल सोडियम सल्फेटवर अर्धा तास ठेवावं. हे स्टायरीन त्याच दिवशी वापरावं. निरोधक काढलेला मोनोमर कपाटात ठेवून देणं ही धोक्याची गोष्ट आहे.

१० मिली स्टायरीन, १० मिली टोल्यूइन, ०.१ ग्रॅम एआयबीएन (हा इनिशिएटर). नायट्रोजन १५-२० मिनिटं बुडबुड्यांनी सोडावा, मग ७० °से. च्या वॉटर बाथमध्ये चार तास. नायट्रोजनचा कंटाळा करू नये. ऑक्सिजन स्वतः द्विरॅडिकल आहे. तो वाढत्या टोकाला चिकटतो आणि तयार होणारं पेरॉक्सी रॅडिकल जवळजवळ पुढे सरकत नाही. अर्धा तास झाला तरी द्रावण पाण्यासारखंच पातळ असेल तर ऑक्सिजन किंवा उरलेलं निरोधक, या दोघांपैकी एक दोषी.

चार तासांनंतर द्रावण थोड्या टोल्यूइनने पातळ करून २०० मिली मिथेनॉलमध्ये, जोरात ढवळत, थेंबाथेंबाने सोडावं. पांढरे तंतू किंवा भुकटी पडते. चिकट गोळा झाला तर द्रावण फार दाट होतं, मिथेनॉल कमी पडलं किंवा घाईने ओतलं. गोळ्याच्या आत टोल्यूइन आणि स्टायरीन राहतं. तो पुन्हा विरघळवून पुन्हा पाडावा. ५०-६० °से. ला, शक्य असल्यास निर्वातात, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावं.

उतारा निम्म्याच्याही खाली येतो. ते चुकलं म्हणून नाही: ७० °से. ला, इतक्या इनिशिएटरवर चार तासांत तेवढंच होतं. एआयबीएनचं अर्धायुष्य ६५ °से. च्या आसपास सुमारे १० तास असतं. जर्नलमध्ये ९५ टक्के लिहिलेलं दिसलं तर नमुना ओला होता असं समजावं.

विद्रावक निवडताना साखळी-स्थानांतर लक्षात घ्यावं. वाढतं टोक विद्रावकाच्या रेणूकडून अणू खेचतं, साखळी बंद होते आणि विद्रावकाच्या रॅडिकलपासून नवी सुरू होते. म्हणजे वेग फारसा बदलत नाही, पण साखळ्या वाढतात. स्टायरीनसाठी ६० °से. ला टोल्यूइनचा स्थानांतर स्थिरांक ०.००००१ च्या घरात, कार्बन टेट्राक्लोराइडचा ०.०१ च्या घरात. मोनोमरइतक्याच मोलमध्ये कार्बन टेट्राक्लोराइड घेतलं तर लांबी १०० ओलांडणारच नाही.

मिथाइल मेथाक्रिलेट विद्रावकाशिवाय करायचं असेल तर १० मिलीच्या वर जाऊ नये, आणि हे कळकळीने सांगतोय. २०-३० टक्के रूपांतरानंतर द्रव मधासारखा दाट होतो. लांब साखळ्यांना एकमेकींपर्यंत पोचता येत नाही, त्यामुळे त्यांचं मरण थांबतं. छोटा मोनोमर मात्र अजून सहज फिरतो, त्यामुळे वाढ चालूच राहते. वेग एकाएकी चढतो. एका मोलमागे ५७ किलोज्यूलच्या आसपास उष्णता निघते. ती बाहेर पडूच शकली नाही तर तापमान अडीचशे अंशांहून जास्त वाढेल एवढी ती आहे, आणि मोनोमर उकळतो १०१ °से. ला. बारीक परीक्षानळीची भिंत ती उष्णता बाथला देते, मोठा फ्लास्क देऊ शकत नाही. काचेसारख्या कांडीत बुडबुडे दिसले तर तेच झालंय: आतला मोनोमर उकळला. उपाय म्हणजे ७० °से. ला सिरपसारखं होईपर्यंतच ठेवायचं, थंड करायचं, साच्यात ओतायचं आणि ४५-५० °से. ला रात्रभर. आकारमान एक पंचमांशाने घटतं, तेव्हा साचा काठोकाठ भरून उपयोग नाही. वर थोडं जास्तीचं सिरप हवं.

टोकांचा हिशोब जिथे संपतो

फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्रॅक्टिकल सगळीकडे होतं: ५ मिली ग्लेशियल अॅसेटिक आम्ल, २.५ मिली ४० टक्के फॉर्मल्डिहाइड, २ ग्रॅम फिनॉल, मग संहत हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने, आणि एकदम गुलाबी गोळा. हा गोळा कशातच का विरघळत नाही, ते आकड्यांत बघता येतं. फिनॉल ०.०२१ मोल, फॉर्मल्डिहाइड १ ग्रॅम म्हणजे ०.०३३ मोल. गुणोत्तर जवळपास १:१.५. फिनॉलला तीन जागा (दोन ऑर्थो, एक पॅरा), फॉर्मल्डिहाइडला दोन. २ मोल फिनॉल आणि ३ मोल फॉर्मल्डिहाइड धरले तर सरासरी क्रियाशीलता (एका रेणूमागे जुळू शकणाऱ्या जागा) १२ ÷ ५ = २.४. करोदर्सच्या हिशोबाने २ ÷ २.४, म्हणजे ८३ टक्के गट जुळताच सगळं भांडं एक रेणू होतं. रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांच्या संभाव्यतेच्या हिशोबाने तर ७१ टक्क्यांनाच. प्रत्यक्षात जेल (न विरघळणारं जाळं) या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी धरतं, कारण करोदर्सचं सूत्र सरासरी मोजतं आणि सरासरीपेक्षा मोठे रेणू आधीच जाळं विणायला लागलेले असतात. फॉर्मल्डिहाइड फिनॉलच्या ०.८ पट घेतलं तर जाळं होत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळणारा नोव्होलॅक मिळतो. तीच रसायनं, वेगळं प्रमाण. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट बनवलं ते दाब, उष्णता आणि हे प्रमाण हातात आणून.

हे फ्यूम हूडमध्येच करावं. फॉर्मल्डिहाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफांपासून बिस-क्लोरोमिथाइल इथर हा कर्करोगकारक पदार्थ थोड्या प्रमाणात तयार होऊ शकतो. फिनॉल कातडीला लागलं तर आधी दुखत नाही, त्यामुळे दुर्लक्ष होतं. लगेच भरपूर पाण्याने धुवावं.

सरासरी कोणती?

९९ ग्रॅम पॉलिमर, रेणुभार १,००,०००. त्यात १ ग्रॅम आखूड साखळ्या मिसळा, रेणुभार १,०००. वजन-सरासरी (प्रत्येक साखळीला तिच्या वजनाइतकं महत्त्व देणारी) ९९,०१०, म्हणजे जवळजवळ तीच. संख्या-सरासरी मात्र ५०,२५०: निम्मी. एका ग्रॅममधल्या आखूड साखळ्यांची संख्या ९९ ग्रॅममधल्या लांब साखळ्यांएवढी आहे, म्हणून. टोकांचं अनुमापन हा फरक पकडतं, प्रकाश-विकिरण (द्रावणाने विखुरलेला प्रकाश मोजण्याची पद्धत) पकडत नाही. दोन पद्धतींची उत्तरं जुळली नाहीत म्हणून लगेच उपकरणाला दोष देऊ नये.

व्हिस्कॉसिटीवरून (द्रावणाच्या दाटपणावरून) काढलेली सरासरी या दोघींच्या मध्ये, वजन-सरासरीच्या जवळ असते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा प्रयोग करताना १ ग्रॅम भुकटी ८० मिली थंड पाण्यात ढवळत भुरभुरावी आणि मग ८५-९० °से. पर्यंत तापवावी. थेट गरम पाण्यात टाकली तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या तासभर हटत नाहीत. थंड करून १०० मिली करावं. हलवून फेस आणू नये. त्यातून ०.८, ०.६, ०.४, ०.२ ग्रॅम प्रति डेसिलिटर अशी द्रावणं करावीत. ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटरमध्ये दर वेळी तेवढंच आकारमान घालावं लागतं. उबेलोडे प्रकारात ते बंधन नसल्याने आतल्या आतच पातळ करता येतं.

पाण्याचा वाहण्याचा वेळ १०० सेकंदांच्या वर हवा. समजा तो १२० सेकंद आहे आणि मोजताना १ सेकंद चुकला. ०.२ च्या द्रावणाला सापेक्ष व्हिस्कॉसिटी (द्रावणाचा वेळ ÷ पाण्याचा वेळ) १.१७ असते, म्हणजे आपल्याला हवा असलेला भाग फक्त ०.१७. १ सेकंदाने तो ०.१६ होतो: सहा टक्के चूक. म्हणून आलेखात डावीकडचा बिंदू सगळ्यात जास्त भरकटतो, आणि नेमका तोच रेषा शून्याकडे वळवतो. पाण्याची व्हिस्कॉसिटी अंशामागे दोन टक्क्यांनी बदलते, तेव्हा पाणी सकाळी आणि द्रावण दुपारी, बाथशिवाय, असं मोजू नये.

हगिन्स (सापेक्ष व्हिस्कॉसिटी वजा १, भागिले संहती) आणि क्रेमर (सापेक्ष व्हिस्कॉसिटीचा नैसर्गिक लॉगॅरिदम, भागिले संहती) या दोन्ही रेषा संहतीविरुद्ध काढाव्यात. शून्य संहतीला त्या एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. मिळत नसतील तर मोजमापात कुठेतरी चूक आहे. मार्क-हॉविंक सूत्र सांगतं: छेद = स्थिरांक × रेणुभाराचा ठरावीक घात. तो छेद ०.८० डेसिलिटर प्रति ग्रॅम आला आणि २५ °से. ला पाण्यासाठी स्थिरांक ०.०००२ व घातांक ०.७६ घेतले, तर रेणुभार सुमारे ५५,००० येतो. हाच छेद मिलिलिटरमध्ये, ८० म्हणून, त्याच स्थिरांकात घातला तर उत्तर दोन कोटींच्या वर जातं. स्थिरांक कोणत्या एककात, कोणत्या विद्रावकात आणि कोणत्या तापमानाला दिलाय हे तक्त्यात आधी वाचावं.

व्हिस्कोमीटर धुताना आधी गरम पाणी चार-पाच वेळा, मग अॅसिटोन. उलट केलं तर अॅसिटोनमध्ये न विरघळणारं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल केशनलिकेतच साका धरून बसतं आणि पुढच्या बॅचचं पाणी १२० ऐवजी १३५ सेकंद घेतं. पॉलिस्टायरीनसाठी तेच, फक्त पाण्याच्या जागी टोल्यूइन.